म्युझियममध्ये नोकरी करायचीय ना, मग आधी लोणच्याची बरणी घ्या

आमच्या ऐरोलीच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर एक मुलगी राहते, आत्ताच इतिहास घेऊन बीए झाली. परवा लिफ्टमध्ये भेटली तर म्हणाली, ताई, जगाच्या कलेवर मास्टर्स केलं तर खरंच म्युझियममध्ये घेतात का हो, की नुसते पैसे पाण्यात. लिफ्ट पाचव्यावर पोचेपर्यंत मी फक्त "अगं हो, म्हणजे, तसं सरळ नाहीये" एवढंच बोलले होते. म्हणून सगळं इथे टाकते, तिच्यासाठी आणि हेच विचारणाऱ्या बाकीच्यांसाठी पण.

माझं थोडक्यात: कॉलेज ठाण्याला, मग एक वर्षाचा डिप्लोमा, मग बाहेर जाऊन एमए, आणि आता सात वर्षं दक्षिण मुंबईतल्या एका संग्रहालयात डॉक्युमेंटेशनला, म्हणजे वस्तूंच्या नोंदी ठेवायच्या कामाला. मी हे करायचं ठरवलं तेव्हा आईने एकच विचारलं होतं, "म्हणजे तू तिथे तिकिटं फाडणार का?" तेव्हा राग आला होता, पण प्रश्न चुकीचा नव्हता, बाहेरच्या माणसाला तिकीटवाला आणि खुर्चीत पेंगणारा गार्ड एवढेच दिसतात, बाकी सगळे भिंतीच्या मागे.

मागे कोण कोण असतं

वाघनखांचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तीन वर्षांच्या लोनवर, म्हणजे उसनी. टीव्हीवर आपल्याला पुढारी आणि शोकेस दिसलं. पण कुठलीही वस्तू अशी एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची म्हणजे करार कोणीतरी कलम-कलम वाचलेला असतो, विमा उतरवलेला असतो, वस्तूवर कुठे किती गंज, कुठे ओरखडा याचा फोटोसकट कंडिशन रिपोर्ट बनलेला असतो, तिच्या मापाची पेटी बनवून घेतलेली असते, कोणीतरी त्या पेटीबरोबर प्रवास करतं आणि पोचल्यावर तोच रिपोर्ट हातात धरून परत एकेक ओरखडा जुळवतं. हे बघणाऱ्याला रजिस्ट्रार म्हणतात, कॉलेजच्या रजिस्ट्रारशी काही संबंध नाही. आणि मग येतं लेबल. लंडनच्या त्या म्युझियमच्या नोंदीत ही वाघनखं ग्रँट डफ या साताऱ्यात असलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या घराण्याकडून आली असं आहे, आणि महाराजांनी अफझलखानाच्या वेळी वापरलेली हीच का ते सिद्ध करता आलेलं नाही असंही आहे. त्या एका वाक्यावरून आपल्याकडे किती धुरळा उडाला ते आठवत असेलच. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली ही साखळी म्हणजे प्रोव्हेनन्स, ती शोधणं हे आता मोठ्या म्युझियममध्ये पूर्ण वेळचं काम आहे, त्यासाठी वेगळी माणसं घेतात.

तर क्युरेटर (सरकारी जाहिरातीत "अभिरक्षक" असं लिहिलेलं असतं, नुसतं क्युरेटर शोधत बसलात तर जाहिरात सापडणारच नाही) हे एकच पद नाही. रजिस्ट्रार, कॉन्झर्व्हेटर (वस्तू दुरुस्त करून टिकवणारा), डॉक्युमेंटेशन, शाळेच्या मुलांना फिरवणारं एज्युकेशन खातं, प्रदर्शनाची मांडणी, आर्काइव्ह (जुनी कागदपत्रं सांभाळणारं खातं). सगळे क्युरेटर व्हायला येतात आणि बाकीच्या दारांकडे बघतच नाहीत. मी पण तशीच आले होते.

"जगाची कला" म्हणजे नक्की काय शिकवतात

पूर्वी आर्ट हिस्टरी म्हणजे ग्रीस, रोम, इटली, पॅरिस, आणि आफ्रिका-ओशनिया वगैरे सगळं मानववंशशास्त्राच्या कपाटात. ही भिंत पाडायचा प्रयत्न ज्या थोड्या ठिकाणी झाला त्यात इंग्लंडमधली नॉरिचची युनिव्हर्सिटी ऑफ ईस्ट अँग्लिया येते. रॉबर्ट आणि लिसा सेन्सबरी या नवराबायकोने १९७३ मध्ये आपला संग्रह तिला दिला आणि १९७८ मध्ये नॉर्मन फॉस्टरने बांधलेलं सेन्सबरी सेंटर तिथे उघडलं. आत पॅसिफिक बेटांवरच्या लाकडी मूर्ती आणि चित्रकार फ्रान्सिस बेकनची पेंटिंग एकाच हॉलमध्ये, कोणी वर नाही कोणी खाली नाही. हॉलंडमध्ये लायडनलाही याच विचाराचं काम झालं.

आता मजा बघा. सेन्सबरींनी १९३३ मध्ये विकत घेतलेलं, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं पहिलं शिल्प म्हणजे आई आणि मूल. हाच मूर तरुणपणी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मेक्सिकोची जुनी दगडी शिल्पं बघत बसायचा आणि ते त्याच्या कामात उतरलं. आणि याच मूरचं आई-मुलाचं एक शिल्प आपल्या सातारा जिल्ह्यात आहे, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या संग्रहालयात, यमाईच्या डोंगरावर! मला हे इंग्लंडमध्ये वर्गात बसल्यावर कळलं. शाळेची सहल औंधला गेली होती, मी तेव्हा बाहेर भेळ खात होते.

कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी धातूची मूर्ती आहे, रोमन व्यापाराबरोबर आलेली. समुद्राचा देव, तो पण घाट चढून आलेला. जगाची कला शिकायची म्हणजे हे प्रश्न विचारायला शिकायचं: ही वस्तू इथे कशी आली, कोणी आणली, ज्याने बनवली त्याला ती कशासाठी हवी होती, आणि आज कोण तिच्यावर हक्क सांगतंय. हे जमलं की मग तुम्हाला कुठल्याही देशाची वस्तू द्या, तुम्ही तिच्यापुढे बावचळत नाही, आणि म्युझियमला हेच लागतं, कारण स्टोअरमध्ये काय निघेल याचा नेम नसतो.

घरी बसून सुरुवात

कोर्सचं नंतर बोलू. आधी स्वयंपाकघरात जा आणि आजीची लोणच्याची बरणी घ्या, ती वर तपकिरी खाली पांढरी. एक हात तळाखाली, एक हात पोटाला, टेबलावर जाड टॉवेल आधी पसरून ठेवा. आता दीडशे शब्दांत तिचं वर्णन लिहा आणि "सुंदर", "पारंपरिक", "आकर्षक" हे शब्द वापरायचे नाहीत.

उंची किती, सगळ्यात जास्त घेर कुठे, तोंडाचा व्यास. झिलई कुठे संपते? तळाला उलटी करून बघा (रिकामी असेल तरच, मी एकदा काय केलं ते विचारू नका), कडेला एक खरखरीत, झिलई नसलेली रिंग दिसेल, भट्टीत ती तिथे टेकली होती, झिलई असती तर फळीला चिकटून बसली असती. काही शिक्का आहे का? चीर आहे का, असेल तर नखाने लागते का नुसती दिसते? आणि आपण म्हणतो "चिनी माती", पण ही पोर्सेलिन नाही, हे स्टोनवेअर आहे. खरं पोर्सेलिन पांढऱ्या केओलिन मातीचं, पातळ असेल तर दिव्यासमोर धरल्यावर उजेड आरपार दिसतो, बरणीमागे तुम्ही सूर्य धरलात तरी काही दिसणार नाही. मग आपल्या भाषेत तिला "चिनी" का म्हणतात? इथून पुढे तुम्ही चीनच्या बंदरांपासून अरबी समुद्रापर्यंत जाता आणि परत आजीच्या फडताळात येता, आणि जगाच्या कलेचं एमए साधारण असंच असतं, फक्त फी जास्त.

अशी तीस-चाळीस कार्डं बनवा. घरातलं संपलं की लोकल पकडा. ठाण्याहून भायखळा, राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ साली लोकांसाठी उघडलं, तिथल्या मातीच्या छोट्या माणसांसमोर बसा (जाण्याआधी चालू आहे ना ते बघून जा, दुरुस्तीसाठी बंद पण असतं). मग सीएसएमटीला उतरून चालत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जुने लोक अजून प्रिन्स ऑफ वेल्सच म्हणतात, लोकांसाठी १९२२ ला उघडलं. टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू आणि युरोपियन पेंटिंग तिथे आहेत, म्हणजे जगाची कला बघायला व्हिसा लागत नाही, लोकलचा पास चालतो. एका फेरीत एकच वस्तू. चाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं कंटाळा येतो, पंधराव्या मिनिटाला डागडुजी दिसायला लागते.

कोर्स कुठला

आधी एक घोळ मिटवू. आर्ट हिस्टरी म्हणजे वस्तू समजून घेणं, म्युझिऑलॉजी म्हणजे म्युझियम चालवणं, कॉन्झर्व्हेशन म्हणजे वस्तू दुरुस्त करणं आणि टिकवणं. तिसऱ्यासाठी केमिस्ट्री लागते, बीएससीवाल्यांनो तुम्ही इथे सोनं आहात पण तुम्हाला कोणी सांगत नाही.

मुंबईत राहूनच करायचं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा म्युझिऑलॉजी आणि कॉन्झर्व्हेशनचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे, भाऊ दाजी लाडचा आधुनिक आणि समकालीन भारतीय कला आणि क्युरेटिंगचा आहे, आणि फोर्टात ज्ञानप्रवाहमध्ये सौंदर्यशास्त्राचे डिप्लोमा. पूर्ण एमए पाहिजे तर बडोदा, तिथला म्युझिऑलॉजी विभाग १९५२ चा, देशातला पहिला, आणि शेजारीच फाइन आर्ट्स फॅकल्टीत आर्ट हिस्टरी. नोएडाला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेज (आधीचं नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट), दिल्लीला जेएनयू, कोलकाता युनिव्हर्सिटी. आर्किऑलॉजीकडे कल असेल तर पुण्याचं डेक्कन कॉलेज.

माझं प्रामाणिक मत: बाहेर जायच्या आधी इथला एक डिप्लोमा करा. मी केला म्हणून सांगतेय असं नाही, पण बाहेरच्या वर्गात मी एकटी होते जिने खऱ्या वस्तूला ॲक्सेशन नंबर (म्युझियमच्या नोंदवहीतला तिचा क्रमांक) घातला होता आणि त्या एका गोष्टीवर मला तिथल्या स्टोअरमध्ये काम मिळालं.

बाहेर म्हणजे लंडनमध्ये सोआस (आशिया-आफ्रिकेसाठी) आणि कोर्टोल्ड, नॉरिचचं वर सांगितलंच, लेस्टरचा म्युझियम स्टडीज विभाग १९६६ पासूनचा. ब्रिटनमध्ये एमए बहुतेक एक वर्षाचं, म्हणजे एका वर्षाचं भाडं वाचतं. पैशांसाठी जे. एन. टाटा एन्डाउमेंट (१८९२ पासून आहे, ही कर्ज-शिष्यवृत्ती आहे, फुकट समजू नका), इनलॅक्स, कॉमनवेल्थ, फेलिक्स, चेव्हनिंग. चेव्हनिंगला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी परत यायची अट असते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपची एक मेख लक्षात ठेवा, २०२२ मध्ये तिच्या नियमात भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास असे विषय वगळले, म्हणजे अजिंठ्यावर अर्ज केलात तर बसणार नाही. हे वाचून मला जो संताप आला तो इथे लिहीत नाही. अर्ज करायच्या आधी चालू वर्षाची नियमावली पूर्ण वाचा, एजंटवर सोडू नका.

अर्जातला निबंध

पहिल्या वर्षी माझा अर्ज दोन ठिकाणी नाकारला. निबंधाची सुरुवात होती "लहानपणापासूनच मला कलेची आवड आहे". आता तसे निबंध मी इंटर्न घेताना वाचते तेव्हा कळतं की ते वाचणाऱ्याचं काय होत असेल. दुसऱ्या वर्षी मी बरणीवर लिहिलं. तळाची रिंग, चिनी हा शब्द, आणि मला पश्चिम किनाऱ्यावर आलेली चिनी भांडी शिकायची आहेत आणि ती तुमच्याकडे अमुक संग्रहात आहेत. बस. एकच वस्तू, एकच प्रश्न, आणि तो प्रश्न त्यांच्याकडेच का सुटेल हे.

इंटर्नशिप, आणि मी केलेला घोळ

डिग्रीने इंटरव्ह्यूपर्यंत नेलं, पुढे हात बघतात. पहिल्याच आठवड्यात, कुठे ते सांगत नाही, मी एक सुरई उचलली, घरी जशी किटली उचलतो तशी, कानाला धरून. मॅडम ओरडल्या नाहीत. नुसत्या "ठेव" म्हणाल्या, इतक्या हळू की माझे हात थरथरायला लागले. मग त्यांनी टॉर्च तिरकी धरून दाखवलं, कान आधी कधीतरी तुटला होता आणि जुन्या सरसाने चिकटवलेला. वस्तूचा जो भाग धरण्यासाठी बनवलाय तोच सगळ्यात जास्त वेळा तुटलेला असतो, म्हणून कान, दांडा, तोटी, मूर्तीचा हात याला कधीच धरायचं नाही.

नंबर घालणं हे कोणी इन्स्टाग्रामवर टाकत नाही पण तेच खरं शिक्षण. मातीच्या भांड्यावर, तळाशी, दिसणार नाही अशा जागी पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक राळ) चा पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, त्यावर शाईने बारीक नंबर, वर परत एक थर. पाहिजे तेव्हा ॲसिटोनने निघतो आणि वस्तूला डाग नाही. कपड्यावर असलं काही नाही, सुती पट्टीवर नंबर लिहून ती दोन टाके घालून शिवायची. कागदावर मागे मऊ पेन्सिलने, दाबायचं नाही. मग तो नंबर, मापं, वर्णन, फोटो सगळं सिस्टिममध्ये. आपल्याकडे सरकारी म्युझियमसाठी सी-डॅक पुण्याने बनवलेलं जतन नावाचं सॉफ्टवेअर आहे, त्यात नोंद करायला शिकलात तर बायोडेटात ठळक लिहा.

उजेडाचा पण अंदाज ठेवा, जलरंगाची चित्रं, कापड यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपासच चालतो, म्हणून ती दालनं अंधारी असतात, वीज वाचवायला नाही. लोक तक्रारवहीत दर आठवड्याला लिहितात, आम्ही दर आठवड्याला वाचतो.

दोन गोष्टी ज्या कोर्समध्ये नसतात. एक, मोडी शिका. पुराभिलेख संचालनालय वर्ग घेतं, ठाण्यातही अधूनमधून वर्ग निघतात. परदेशी डिग्रीवाले पन्नास येतील, त्यात मोडी वाचणारा एखादाच. दुसरं, १९७२ चा पुरावशेष कायदा वाचा. शंभर वर्षांवरची वस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षांवरचं, ती देशाबाहेर नेण्यावर बंधनं आहेत, आणि रविवर्मा, अमृता शेरगिल यांच्यासारख्या मोजक्या कलाकारांची कामं तर "कलानिधी" म्हणून, वय कितीही असो. लिलावगृहात नोकरीला गेलात तर पहिल्या दिवसापासून हेच.

नोकरी कुठे शोधायची

सरकारी: राज्याचं पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय, त्यांच्याकडे नागपूर, कोल्हापूर, सातारा, तेर अशी संग्रहालयं आहेत. जागा कमी, जाहिरात कधी येईल ते देव जाणे, आली की मात्र अट नीट बघा, कुठली पदव्युत्तर पदवी चालते ते शब्दशः लिहिलेलं असतं आणि "समकक्ष" या शब्दावर मुलं अडकतात. परदेशी डिग्री असेल तर समकक्षता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. कॉलेजात शिकवायचं असेल तर नेट या पात्रता परीक्षेला म्युझिऑलॉजी आणि कॉन्झर्व्हेशन हा स्वतंत्र विषय आहे.

खाजगी: लिलावगृहं, गॅलऱ्या, कंपन्यांचे आर्काइव्ह. ठाण्याहून तर विक्रोळीला गोदरेज आर्काइव्ह्ज आहे, सीएसएमटीपर्यंत लोंबकळायची पण गरज नाही. फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं म्युझियम आहे. ब्रिटिश म्युझियमचा इंटरनॅशनल ट्रेनिंग प्रोग्रॅम नोकरीत असलेल्यांसाठी आहे, त्यात भारतातले लोक जाऊन आलेत, तो पुढच्या टप्प्यासाठी डोक्यात ठेवा.

पगार. सुरुवातीला कमी असतो, कॉन्ट्रॅक्टवर ठेवतात, माझ्या बॅचचे दोघं आयटीमध्ये गेले आणि खूश आहेत. पहिली तीन वर्षं घरी राहून काढता येत असतील तरच परदेशी कर्जाचा विचार करा, हे मी पाचव्या मजल्यावरच्या त्या मुलीच्या बाबांना पण सांगणार आहे.

हे सगळं टाइप करेपर्यंत पाचव्या मजल्यावरून पहिलं कार्ड आलंय व्हॉट्सॲपवर. बरणी, स्टोनवेअर, उंची ३१ सेंटीमीटर, तळाची रिंग बरोबर टिपलीय, डाव्या बाजूला चीर, नखाला लागते. पहिल्याच फटक्यात बरंच चांगलं. फक्त झाकण विसरली. मी विचारलं, झाकण कुठेय? म्हणाली ते वेगळं आहे ताई, दुसऱ्या बरणीचं आहे, मूळचं फुटलं. मग तेच लिही म्हटलं, बरणीला अ, झाकणाला ब, आणि शेरा, मूळचं नाही.